आत्महत्या रोखायचं ट्रेनिंग आणि ते आखताना बाहेर राहिलेले घरचे लोक

दरवर्षी १० सप्टेंबर जवळ आला की पोस्टर फिरायला लागतात. 'बोलते व्हा', 'लक्षणं ओळखा', 'वेळीच मदत घ्या'. हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन २००३ पासून पाळला जातो, आणि २०२४ ते २०२६ या तीन वर्षांची थीमच अशी आहे की या विषयाबद्दल बोलायची पद्धत बदला. चांगलंच आहे, पोस्टरबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या घरात खरंच असा माणूस आहे त्याने ते वाचून पुढे करायचं काय हे त्यात नसतं. लक्षणं ओळखून झाली, डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, माणूस आता घरी आहे, रात्रीचे दोन वाजलेत आणि शेजारच्या खोलीत लाइट चालू आहे. मग?

या 'मग'चं उत्तर शोधायच्या नादात हल्ली एक शब्द सारखा कानावर पडतो, को-डिझाइन. म्हणजे ट्रेनिंग ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच सोबत घेऊन ते पहिल्यापासून आखायचं. इथे 'ज्यांच्यासाठी'मध्ये आत्महत्येच्या विचारांतून गेलेली माणसं आलीच, पण त्यांना रोज सांभाळणारी माणसंही आली. आई-वडील, नवरा-बायको, भावंडं, कधी रूममेट किंवा जिवाभावाचा मित्र. या सगळ्यांना इंग्रजीत केअरर म्हणतात, मी सरळ 'घरचे' म्हणणार आहे, नातं रक्ताचं असो नसो.

पुढे जायच्या आधी एक सांगतो. हे वाचताना तुम्हाला स्वतःलाच त्रास होत असेल किंवा घरात आत्ता कोणाची काळजी वाटत असेल तर लेख राहू द्या, नंतर वाचा. भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. दुसऱ्या देशात असाल तर तिथल्या हेल्पलाइनला किंवा इमर्जन्सी नंबरला फोन करा.

आधी हे ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय असतं

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण ७ लाख २७ हजार लोक आत्महत्येने गेले, आणि १५ ते २९ या वयात मृत्यूचं हे तिसरं मोठं कारण होतं. एवढ्या लोकांपर्यंत पोचायला मानसोपचारतज्ज्ञ कुठूनही पुरणार नाहीत, म्हणून शिक्षक, पोलीस, ऑफिसातले सहकारी, शेजारी अशा साध्या लोकांना तयार करायची कल्पना पुढे आली. त्याला गेटकीपर ट्रेनिंग म्हणतात. प्रकार बरेच आहेत पण गाभा बहुतेक ठिकाणी तोच, धोक्याची चिन्हं ओळखा, सरळ विचारा, आणि योग्य जागी पाठवा.

'सरळ विचारा' म्हणजे अगदी सरळ, "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?" असं. लोकांना वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालून बसू. २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र ठेवून हेच तपासलं गेलं आणि विचारल्यामुळे असे विचार वाढतात असं काही आढळलं नाही. तर हा भाग पक्का आहे, आणि अशा ट्रेनिंगने हा गैरसमज दूर होतो हे त्याचं मोठं काम आहे.

अडचण तिसऱ्या पायरीची आहे. 'योग्य जागी पाठवा' म्हटलं की शिक्षकाचं किंवा सहकाऱ्याचं काम बऱ्यापैकी झालं, पण घरच्यांचं तिथून सुरू होतं. आग लागली तर अग्निशमन दलाला फोन करा एवढंच शिकवायचं आणि गाडी येईपर्यंत घरातल्यांनी काय करायचं हे सांगायचंच नाही, तसं होतं हे. वर गाडी येऊन गेल्यावरही घर तेच आणि माणसंही तीच.

ट्रेनिंग लिहिणारे वाईट असतात म्हणून हे होत नाही. ते लिहिणारे बहुतेक क्लिनिकमध्ये किंवा विद्यापीठात काम करणारे असतात, त्यांना माणूस अपॉइंटमेंटपुरता भेटतो, मग साहजिकच त्यांच्या ट्रेनिंगमध्ये सगळे रस्ते अपॉइंटमेंटकडे जातात.

दोन अपॉइंटमेंटच्या मधला वेळ

२०१७ मध्ये बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून असं दिसलं की मानसोपचार वॉर्डमधून डिस्चार्ज मिळाल्यावरचे पहिले तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात. म्हणजे हॉस्पिटलमध्ये असताना चोवीस तास नजर, आणि सगळ्यात नाजूक काळ घरी. आता त्या घरच्यांना डिस्चार्जच्या वेळी काय मिळतं? गोळ्यांचा कागद, पुढची तारीख, आणि जाता जाता "जरा लक्ष ठेवा." या 'जरा लक्ष ठेवा'चा अर्थ काय हे कोणीच सांगत नाही. रात्री किती वेळा उठून बघायचं? बाथरूमला आतून कडी लावू द्यायची का? फोन तपासायचा? आपण कामावर जायचं की रजा टाकायची, आणि किती दिवस? धाकट्या भावाला काय सांगायचं, काही सांगायचंच नाही? घरी आलेला माणूस म्हणाला "मी ठीक आहे, सोड ना आता" तर सोडायचं का?

हे प्रश्न घरच्यांना विचारल्याशिवाय कोणाला सुचणारच नाहीत. कागदावर ते फालतू वाटतात आणि घरात मात्र दिवसभर तेच चालू असतं.

अजून एक अभ्यास सांगतो, छोटा आहे, ८२ लोकांचा, ऑस्ट्रियातला, २००९ मध्ये छापलेला. प्रयत्नातून वाचलेल्यांना विचारलं की त्या वेळचा पहिला विचार आल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला. जवळपास निम्म्यांनी १० मिनिटं किंवा त्याहून कमी असं सांगितलं. त्या दहा मिनिटांत कुठलाही क्लिनिक उघडा नसतो, असलाच तर घरातला कोणी असतो, किंवा कोणी नसतं पण धोक्याच्या वस्तू आधीच घरातून हलवलेल्या असतात. म्हणून घर सुरक्षित करून ठेवणं हा ट्रेनिंगचा मुख्य भाग असायला हवा, शेवटची स्लाइड नाही. आणि लगेच दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ज्यांनी माणूस गमावलाय त्यांना हे वाचून वाटेल की आपणच कमी पडलो. २०१७ मध्येच ५० वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला गेला, ३६५ अभ्यासांचा, आणि निष्कर्ष असा निघाला की कोण आत्महत्येकडे जाईल हे ओळखण्यात आपण नाणेफेकीपेक्षा फारसे पुढे नाही. तज्ज्ञांना जे जमत नाही ते आईला जमायला हवं होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे.

तरी घरच्यांकडे एक गोष्ट असते जी तज्ज्ञांकडे नसते, त्यांना तो माणूस 'नेहमी' कसा असतो ते माहीत असतं. चेकलिस्टवर लिहिलेलं असतं उदास राहणं, झोप न लागणं, लोकांना टाळणं. पण एखादा मुळातच अबोल असतो, त्याच्या बाबतीत या यादीचा उपयोग शून्य. आणि एखादी मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी, तिने अचानक सगळ्याला "हो चालेल" म्हणायला सुरुवात केली तर बाहेरच्याला वाटेल वा, सुधारली, आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हा गोळा ट्रेनिंगमध्ये कसा आणायचा, तो कधी खरा मानायचा आणि कधी नुसती आपली भीती म्हणून सोडून द्यायचा, हे घरच्यांसोबत बसल्याशिवाय लिहिता येणार नाही.

मत विचारणं वेगळं, सोबत आखणं वेगळं

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती, शहर नियोजनाच्या संदर्भात, पण आज आरोग्यातही ती सर्रास वापरतात. खालच्या पायऱ्यांवर नुसता देखावा, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं आणि मत विचारणं, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि निर्णयाचा हक्क. आर्नस्टीनबाईंचं म्हणणं होतं की मधल्या पायऱ्याही शेवटी नावापुरत्याच, कारण मत विचारून ते बाजूला ठेवायची पूर्ण मुभा विचारणाऱ्याकडेच राहते.

आपल्या विषयात मधली पायरी कशी दिसते सांगतो. स्लाइड तयार, तारीख ठरलेली, आणि आदल्या आठवड्यात दोन पालकांना बोलावून "काही सुचवायचंय का?" ते बिचारे काय सुचवणार, एखादा अक्षराचा आकार मोठा करा म्हणतात. किंवा मग एखाद्या आईला दहा मिनिटं 'अनुभवकथन' द्यायचं, सगळ्यांचे डोळे ओले होतात, टाळ्या, आणि मग तज्ज्ञांचं 'मुख्य सत्र'. तिचा अनुभव सुरुवातीला वातावरण तयार करायला वापरला, अभ्यासक्रमात त्यातलं काहीही गेलं नाही. मला हा प्रकार नुसत्या दुर्लक्षापेक्षा वाईट वाटतो.

खरं को-डिझाइन स्लाइडच्या कितीतरी आधी सुरू होतं, "या ट्रेनिंगने नेमका कुठला प्रश्न सुटायला हवा?" इथून. ग्रुपमध्ये घरच्यांपैकी एकच माणूस नसतो, कारण सहा डॉक्टरांसमोर एकटा माणूस मान डोलावतो. मीटिंग सकाळी अकराला ठेवत नाहीत, ज्यांना कामावर जायचंय त्यांचं काय, शिवाय मग फक्त वेळ असलेले आणि बोलायला सवकलेलेच येतात, आणि सगळं शिक्षण त्यांच्याच घरांसारखं होऊन बसतं. वडील, भाऊ-बहीण, जोडीदार हे तर मुद्दाम शोधून आणावे लागतात. वेळेचे पैसे द्यावेत, तज्ज्ञांना देता ना. आणि त्यांनी सांगितलेलं जे घेतलं नाही ते का नाही घेतलं हे परत येऊन सांगावं, हे सगळ्यात कमी केलं जातं आणि सगळ्यात जास्त लक्षात राहतं.

यातून ट्रेनिंगमध्ये काय बदलतं

समजा रोल-प्ले आहे, म्हणजे प्रसंग करून बघणं. नेहमीच्या स्क्रिप्टमध्ये आई विचारते, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" मुलगा दोन सेकंद थांबतो, "हो" म्हणतो, रडतो, आई जवळ घेते, हेल्पलाइन लावते. झालं. घरचे लोक हे वाचून पहिली गोष्ट काय म्हणतील तर आमच्याकडे असं कधी होत नाही. आमच्याकडे तो म्हणतो "काहीही काय बोलतेस" आणि दार लावून घेतो. मग स्क्रिप्ट तिथून पुढे लिहावी लागते. दाराबाहेरून काय बोलायचं, लगेच परत विचारायचं की तासाभराने, त्याला चिडू द्यायचं का, दुसऱ्या कोणाला, ज्याचं तो ऐकतो, फोन लावायचा का आणि त्याला आधीच सांगून ठेवायचं का, आणि कुठल्या क्षणी वाट बघणं थांबवून इमर्जन्सी नंबर फिरवायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी द्यायचं आहे, बाकीची घरच्यांनी.

वाक्यांचंही तसंच. थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात एक मुद्दा आहे, की आपण इतरांवर ओझं झालोय ही भावना आत्महत्येच्या विचारांमागे मोठी असते. आता बघा, थकलेल्या घरच्यांच्या तोंडून सगळ्यात सहज निघणारं वाक्य कुठलं? "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतोय, आमचा तरी विचार कर." बोलणाऱ्याला ते प्रेम वाटतं, ऐकणाऱ्याला हिशोब. सिद्धांत तज्ज्ञाला माहीत असतो, वाक्य घरच्यांना माहीत असतं, आणि दोघं एका खोलीत बसले की ट्रेनिंगमध्ये ते वाक्य येतं आणि त्याऐवजी काय म्हणता येईल तेही येतं. जसं की "तू आहेस तर मला बरं वाटतं, आज नुसतं बसूया."

मग सेफ्टी प्लॅन. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तयार केलेला हा एक साधा लेखी आराखडा असतो, माणूस शांत असताना त्याच्यासोबत बसून करायचा. माझी धोक्याची चिन्हं कुठली, तेव्हा मी स्वतः काय करू शकतो, कुठे किंवा कोणाकडे गेलो तर मन वळतं, मदत कोणाला मागायची, कुठल्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि आजूबाजूचं काय सुरक्षित करायचं. २०१८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात इमर्जन्सी विभागात हा प्लॅन करून नंतर फोनवर पाठपुरावा केलेल्या लोकांत पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन साधारण ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास नव्हता तो, म्हणून आकडा डोक्यावर घेऊन नाचायला नको, पण दिशा कळते. आता गंमत अशी की या प्लॅनमधल्या निम्म्या पायऱ्यांत घरचे येतात आणि पुष्कळदा घरच्यांना प्लॅन आहे हेच माहीत नसतं, तो फाइलमध्ये किंवा त्या माणसाच्या फोनमध्ये. घरच्यांसोबत आखलेल्या ट्रेनिंगमध्ये मग एक भाग वाढतो, त्या माणसाच्या परवानगीने तो प्लॅन एकत्र बसून वाचायचा आणि कोणाचं काम काय ते ठरवायचं, म्हणजे सगळे मिळून एकाच वेळी पहारा देणार नाहीत आणि कोणीतरी झोपेल. झोपेचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, महिनोन्‌महिने अर्धवट झोपलेला माणूस कोणालाच सांभाळू शकत नाही.

"पण ते एक्सपर्ट नाहीत ना"

नाहीत, आणि गोळ्यांचा डोस त्यांना कोणी विचारतही नाहीये. दोन प्रकारचं ज्ञान एकत्र कसं आणायचं याच्या पद्धती आहेत. एक म्हणजे डेल्फी, १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत तयार झालेली. यात लोकांना समोरासमोर बसवत नाहीत, प्रत्येकाकडे विधानांची यादी जाते, हे ट्रेनिंगमध्ये असावं की नसावं याला गुण द्यायचे, मग सगळ्यांचे निकाल दाखवून दुसरी फेरी. त्यामुळे मोठा डॉक्टर मोठ्याने बोलला म्हणून त्याचं मत जिंकत नाही. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेल्या मेंटल हेल्थ फर्स्ट एडची, म्हणजे मानसिक त्रासात पहिली मदत कशी द्यायची हे साध्या लोकांना शिकवणाऱ्या कार्यक्रमाची, मार्गदर्शक सूत्रं याच पद्धतीने ठरवतात, व्यावसायिकांचं एक पॅनेल आणि स्वतः आजार अनुभवलेल्यांचं किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांचं वेगळं पॅनेल.

"घरचेच कारण असतील तर?"

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. मारहाण, जबरदस्ती, मुलाची ओळखच नाकारणं, हे घरातच होतं, आणि अशा घरच्यांना ट्रेनिंग लिहायला बसवणं म्हणजे त्या माणसाचं तोंड परत बंद करणं. म्हणूनच घरच्यांचा सहभाग हा स्वतः त्यातून गेलेल्या माणसांच्या सहभागाला पर्याय होऊ शकत नाही, दोन्ही हवेत, आणि सुरुवातीला वेगवेगळ्या बैठकीत, नाहीतर मुलं आईसमोर खरं बोलणार नाहीत आणि आई मुलांसमोर. जिथे दोघांचं जुळत नाही, उदाहरणार्थ फोन तपासायचा की नाही, तिथे ट्रेनिंगने दोन्ही बाजू मांडाव्यात. आणि 'घरचे' कोण हे त्या माणसाने ठरवायचं.

प्रायव्हसीचंही इथेच सांगून टाकतो. "पेशंटच्या परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही" हे डॉक्टरांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं (जिवाला धोका असेल तिथे अपवाद असतात). पण डॉक्टरांनी सांगायला परवानगी लागते, घरच्यांचं ऐकून घ्यायला लागत नाही. "काल रात्री तो असं बोलला" हे घरच्यांनी कळवलं आणि डॉक्टरांनी ऐकलं तर कुठलंही गुपित फुटत नाही. इतकी साधी गोष्ट दोन्हीकडच्या कितीतरी लोकांना माहीत नसते. घरच्यांना विचारून ट्रेनिंग केलं तर ही पहिल्या पानावर येईल.

"त्यांना परत त्या सगळ्यातून न्यायचं?"

काळजी बरोबर आहे, पण बहुतेकदा ती त्यांना न बोलावण्याचं कारण म्हणून पुढे केली जाते. कोण तयार आहे हे त्यांनी सांगावं. त्या दिवसाचा तपशील, कसं झालं वगैरे, कोणाला विचारायचाच नाही, ट्रेनिंगला त्याची गरजही नसते. मध्येच उठून जाता यावं, नंतर कोणीतरी फोन करून विचारावं.

एक गोष्ट मात्र आयोजकांच्या लक्षात येत नाही. घरच्यांमध्ये दोन गट असतात, ज्यांचा माणूस आज घरी आहे ते, आणि ज्यांनी माणूस गमावलाय ते. "मला ते चिन्ह तेव्हा कळलं नाही" असं दुसऱ्या गटातला बाप म्हणतो तेव्हा पहिल्या गटातल्या आईला ते 'आज रात्री झोपू नकोस' असं ऐकू येतं. आणि ती म्हणते "आम्ही वेळेवर पोचलो" तेव्हा त्या बापाला काय ऐकू येत असेल ते सांगायला नको. दोघांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, पण पहिल्याच बैठकीत एकत्र बसवू नका.

"याने मृत्यू कमी होतात का, पुरावा दाखवा"

को-डिझाइन केलं म्हणून आत्महत्या इतक्या टक्क्यांनी घटल्या असा आकडा देता येत नाही. आत्महत्या ही संख्येच्या भाषेत दुर्मिळ घटना आहे, एका ट्रेनिंगचा परिणाम मृत्यूंमध्ये दिसायला प्रचंड मोठी लोकसंख्या लागते. नेहमीच्या गेटकीपर ट्रेनिंगबद्दलही हेच, माहिती आणि आत्मविश्वास वाढतो, काही महिन्यांत बराचसा ओसरतो.

पण शिक्षण कसं आखलं आणि कोणाच्या हातात दिलं याने फरक पडतो हे युरोपातल्या सेले अभ्यासात दिसलं होतं. १० देश, १६८ शाळा, ११ हजारांवर मुलं, २०१५ मध्ये निकाल. एका गटात शिक्षकांना गेटकीपर ट्रेनिंग दिलं, दुसऱ्यात मुलांनाच रोल-प्लेमधून शिकवलं, अजून एकात तज्ज्ञांकडून तपासणी. वर्षभराने मुलांसोबतच्या कार्यक्रमात आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याच्या आसपास होते, बाकी दोन्हींत ठळक फरक नाही. हा घरच्यांवरचा अभ्यास नाही, तो त्यांच्या बाजूने पुरावा म्हणून मी वापरणार नाही. एवढंच की मोठ्यांना तयार मॉड्यूल देऊन आपलं काम झालं असं समजायला जागा उरत नाही.

तोवर मोजायचं असेल तर निदान योग्य वेळी मोजा. ट्रेनिंग संपल्या संपल्या हातात फॉर्म दिला तर सगळे 'उत्तम' लिहितात, चहा झालेला असतो, घरी जायची घाई असते. तीन महिन्यांनी फोन करून विचारा की त्यातलं काय वापरलं, कुठलं वाक्य तोंडातून निघालंच नाही, रात्री काय केलं. आणि ते फॉर्मवरचे प्रश्नही घरच्यांनीच लिहू द्या.